पाण्याची खबर देणारी आगीची घंटा

आमच्या चाळीत नळाला पाणी आल्याची खबर आगीची घंटा देत असे. हे वाक्य मी डोंबिवलीतल्या आताच्या शेजाऱ्यांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे जरा सावधपणे बघतात. म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

ठाण्यात खोपट भागाच्या पलीकडे एक कापडाची गिरणी होती आणि तिच्या कचेरीत मी आकडेवारीचा कारकून होतो. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षे झाली होती. गिरणीच्या फाटकासमोरच गिरणीची चाळ. माझी खोली डावीकडून तिसरी आणि चौथी आगीच्या जमादाराची, म्हणजे गिरणीच्या आग विझवणाऱ्या पथकाच्या मुख्याची. मधली भिंत इतकी पातळ होती की त्यांच्याकडे मासळी कोणती आली ते आम्हांला वासावरून कळे आणि आमची भांडणे त्यांना शब्दाशब्दाने कळत.

कापसाच्या गोदामात त्या वेळी नवीन यंत्रणा बसवली होती. छपराखालून पाण्याचे नळ नेलेले आणि त्यांना दर काही हातांवर एक तोटी. तोटीचे तोंड एका मऊ धातूने बंद केलेले. खाली आग लागली की तो धातू वितळे, तोटी उघडे आणि पाण्याचा फवारा सुटे. पाणी वाहू लागले की त्याच्याच जोराने बाहेरच्या भिंतीवरची मोठी पितळी घंटा आपोआप वाजे. ती वाजवायला कोणी माणूस लागत नसे, आणि या गोष्टीचा मॅनेजरसाहेबांना फार अभिमान होता.

त्यांच्या अभिमानात एकच उणे होते. गोदामाच्या नळाला गिरणीच्या उंच टाकीचे पाणी जोडलेले होते, तसेच शहराच्या नळाचेही, ज्यावर आमच्या चाळीचा नळ होता. आमचा भाग शहराच्या नळाच्या शेवटच्या टोकाला. पाणी सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात केव्हातरी येई आणि येताना एकदम धक्क्याने येई. तो धक्का बसला की घंटेला वाटे आग लागली. दहा-पंधरा ठोके देऊन ती गप्प होई.

चाळीतल्या बायकांनी हे मॅनेजरसाहेबांच्या आधी ओळखले. पहिल्या आठवड्यात त्या घंटा ऐकून पोरांना कडेवर घेऊन बाहेर धावत आल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्या हंडे घेऊन धावत येऊ लागल्या. नळापाशी ताटकळत बसायचे कारण उरले नाही. घंटा झाली की पाणी. माझी बायको कल्याणची. माहेरी विहिरीचा रहाट ओढून दमलेली. ती म्हणे, "एवढी सोय आमच्या कल्याणात नाही हो." आणि गिरणीच्या मालकाला दुवा देई.

माझा या घंटेशी संबंध असा, की तिची वही माझ्याकडे होती. वहीची पाने छापील क्रमांकाची. एका दिवसाला एक पान. रकाने पाच: घंटा किती वाजता झाली, पथक किती मिनिटांत पोहोचले, कारण काय, आग होती की नव्हती, आणि जमादाराची सही. पथक म्हणजे जमादार आणि सहा माणसे. साही जण एरवी गिरणीतच फिटर वगैरे होते. फाटकाजवळच्या बंबखान्यात हातगाडीवरचा पंप, पाणी मारायचे होज-पाइप आणि डोक्यावर घालायचे पितळी टोप असत. हुकूम असा होता की पाच मिनिटांच्या आत पथक गोदामापाशी हजर पाहिजे. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून गोदामाचे दार दिसे. माझे मनगटी घड्याळ मी रोज सकाळी ठाणे स्टेशनच्या घड्याळाबरोबर लावत असे. तेव्हा मिनिटांच्या बाबतीत माझी वही खरी होती, हे आजही सांगू शकतो.

पहिल्या महिन्यात पथक तीन मिनिटांत पोहोचे. गाडी, होज, डोक्यावर टोप, सगळे काही. गोदाम उघडत, वर-खाली बघत, परत जात. दुसऱ्या महिन्यात टोप राहिले. डोके तापते म्हणे. मग होज राहिले. गाडीचे एक चाक कुरकुरत होते म्हणून गाडी राहिली. सहांपैकी चार आपापल्या खात्यात थांबू लागले आणि दोन येऊ लागले. सहा महिन्यांनी एकटा जमादार किल्ली बोटाभोवती फिरवत, वाटेत दोघांशी बोलत, अकराव्या-बाराव्या मिनिटाला गोदामापाशी पोहोचे आणि कुलूप न काढता दारावर थाप मारून परत फिरे. जसे म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तसे.

मी जसे घडले तसे लिहीत गेलो. तीन, तीन, चार, पाच, सात, नऊ, अकरा. कारणाच्या रकान्यात मात्र लिहिण्यासारखे काही नवीन नसे. रोज तेच: "पाण्याचा दाब." पुढच्या रकान्यात "आग नाही." म्हणून दर शनिवारी पुढच्या आठवड्याची पाने आखताना ते शब्द मी आधीच लिहून ठेवत असे. वळणदार अक्षरात, एकाच शाईने. दिवसाची दोन-तीन मिनिटे वाचत.

जमादार खाडीकाठच्या गावातला ख्रिस्ती माणूस. घरची भातशेती भावाकडे सोडून हा आगी विझवायला गेला होता. लढाईच्या दिवसांत बंदरावर नोकरी केलेली. बोटीच्या पोटात शिरून आग विझवल्याची खूण त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत होती. ती खूण मी पाहिलेली असल्यामुळे त्याला भित्रा किंवा कामचुकार म्हणणे मला कधीच जमले नाही. तो फक्त निर्धास्त झाला होता.

"जमादार, काल बारा मिनिटं झाली," मी एकदा जिन्यापाशी म्हणालो.

"बारा? मना वाटलं दहा. वाटेत साळखात्यातला मुकादम भेटला."

"हुकूम पाचाचा आहे."

"भाऊ, घंटा कोनासाठी वाजते? वैनींसाठी वाजते. त्या दोन मिनटांत नळावर जातात. त्यांची मिनटं लिवा की."

"आणि खरी आग लागली तर?"

"खरी आग नाकाला कळते, भाऊ. कानाला नाय." आणि त्याने नाकावर बोट ठेवून मला दाखवले, जसे काही मला नाक कुठे असते ते ठाऊक नव्हते.

श्रावणात मॅनेजरसाहेबांनी आम्हां दोघांना बोलावले. विमा कंपनीचा पाहणी करणारा साहेब दिवाळीनंतर येणार होता आणि तो वही बघणार होता. "सरासरी पाचाच्या वर निघाली, तर मला जमादार बदलावा लागेल," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते. हवेबद्दल बोलावे तसे बोलले. जमादार बदलणे म्हणजे काय ते आम्हांला दोघांनाही माहीत होते. चौथी खोली त्या जागेबरोबर येत होती. जागा गेली की खोली गेली. जमादाराच्या तिन्ही मुली ठाण्याच्या शाळेत जात होत्या, आणि गावच्या घरात भावाचे आठ जण आधीच होते.

त्या संध्याकाळी तो ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला.

"भाऊ, तुमचं घड्याळ रोज खरंच ठेसनाशी लावता?"

"रोज."

"एखाद दिवस इसरत नाय?"

"नाही."

"आजारी पडलात तर?"

"तर बायकोच्या हाती पाठवीन."

त्याने माझ्या मनगटाकडे एकदा बघितले. मग म्हणाला, "तुमच्या शेजारी ऱ्हाणं म्हंजे भिंतीत घड्याळ चिनून घेतल्यासारखं हाय." पण त्या दिवसापासून तो पुन्हा लगबगीने येऊ लागला. आठ दिवस. सरासरी काही फारशी हलली नाही. मग गणपती आले, पथकातले तिघे गावी गेले, आणि आकडे पुन्हा दहाच्या घरात आले. दिवाळी अजून लांब होती, असे त्याला वाटत असावे.

नवरात्राच्या आधीच्या एका मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी घंटा झाली. मी घड्याळ पाहिले, वेळ लिहिली, आणि साळखात्याच्या, म्हणजे विणकामाच्या, तक्त्यात पुन्हा डोके घातले. घंटा त्यानंतर किती वेळ वाजत राहिली हे मी सांगू शकत नाही. माझ्या कानांवर ती आदळत असणारच. पण वर्षभरात माझ्या कानांना पहिला ठोका तेवढा ऐकायची सवय लागली होती.

पुढचे मला बायकोकडून आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून मिळून कळले. दोघांच्या हकिगती जुळत नाहीत तिथे मी बायकोची धरली आहे, कारण घरी तीच असते.

बायका हंडे-बादल्या घेऊन नळावर आल्या. नळ सोडला. नळाने फुस्स केले, थोडी हवा टाकली आणि गप्प झाला. बायका थांबल्या. कधीकधी हवा आधी येते. पण घंटा काही थांबेना. कोणीतरी म्हणाली, आज पाणी जोरात येणार दिसतेय. माझ्या बायकोने हंडा तसाच कमरेवर घेतला आणि फाटकाकडे निघाली. पहारेकरी म्हणाला, "बाई, इथे पानी नाही भेटणार." ती त्याला म्हणाली, "ठाऊक आहे. बाजूला हो." गिरणीच्या फाटकाच्या आत ती त्यापूर्वी कधी गेली नव्हती.

बंबखान्यात जमादार आणि दोघे जण चहा पीत होते. तिने हंडा दारात खाली ठेवला.

"जमादार, नळाला पाणी नाही."

"मग मी काय करू, वैनी? मी मुन्शिपाल्टी हाय?"

"पाणी नाही आलं," ती म्हणाली. "आणि घंटा अजून वाजतेय. मग ती कशाने वाजतेय?"

तो म्हणे चहाचा कप तोंडाशी तसाच धरून राहिला. दोन-तीन ठोके ऐकण्याइतका वेळ. मग त्याने कप ठेवला नाही, सोडला. तो फुटला. बायको सांगते की त्या वयाचा माणूस इतका जोरात पळताना तिने पाहिला नव्हता, आणि पळताना तो टोप विसरला पण गाडी विसरला नाही. कुरकुरणारे चाक माझ्या खिडकीखालून गेले तेव्हा मी पहिल्यांदा मान वर केली. अकरा चौतीस झाले होते.

गोदामात कापसाच्या एका गाठीच्या पोटात ठिणगी राहिली होती. गाठ दाबताना कधीकधी तसे होते, आणि ती ठिणगी दिवसेंदिवस आत धुमसत राहते. वरच्या दोन तोट्या उघडल्या होत्या आणि त्यांनी चौदा मिनिटे एकट्यांनी किल्ला लढवला होता. पाण्याने धूर दाबला गेला, म्हणून जमादाराच्या नाकाला काही कळले नव्हते. पथकाने गाठी ओढून बाहेर काढल्या, फोडल्या, भिजवल्या. सात गाठी गेल्या. माणूस कोणी भाजला नाही. पण टाकी जवळजवळ रिकामी झाली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर तोट्याही कोरड्या पडल्या असत्या, आणि शेजारी साडेचारशे गाठी होत्या.

दुपारी दोनला मी वही घेऊन बंबखान्यात गेलो. जमादार बाकावर बसला होता, कापसाच्या काळ्या ओल्या तंतूंनी डोक्यापासून पायापर्यंत माखलेला. फुटक्या कपाचे तुकडे अजून दारातच होते. मी पान उघडून त्याच्यापुढे धरले. मिनिटांच्या रकान्यात मी चौदा लिहिले होते.

त्याने चौदा बघितले आणि मान हलवली. मग त्याचे बोट पुढच्या रकान्यांवर गेले. तिथे माझ्या वळणदार अक्षरात होते: "पाण्याचा दाब. आग नाही."

त्याने त्या शब्दांवरून बोट फिरवले. मग माझ्याकडे बघितले.

"भाऊ," तो म्हणाला, "मी चवदा मिनटांनी तरी पोचलो. तुमी तर शनवारीच इझवून ठेवलीत."

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो. पथकातले दोघे तोंड फिरवून हसत होते आणि मी त्यांना हसू दिले. मग तिथेच बसून ते शब्द एका रेघेने खोडले, वर "आग. गाठीतली ठिणगी" असे लिहिले आणि शेजारी माझी आद्याक्षरे घातली. वहीचा नियमच तसा होता. जमादाराने सही केली. त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा पानाच्या कडेला उमटला तो तसाच राहिला.

संध्याकाळी जमादारीण आमच्या दाराशी आली. आमचा दगडी खलबत्ता तिच्याकडे असे, गेली दोन वर्षे. तो तिने घासून, धुऊन, पुसून आणला होता.

"वैनी, तुमचा खलबत्ता."

बायकोने तो घेतला नाही. "असू दे की तुमच्याकडे. मला कुठे लागतोय."

"नको. मग खोली सोडायच्या गडबडीत ऱ्हाऊन जायचा." तो उंबऱ्यावर ठेवून ती गेली. बायकोने तो उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "चौदा लिहिलंत ना?"

"चौदा झाली होती."

"मी कुठे नाही म्हणते," ती म्हणाली. "पण तुमच्या त्या वहीत एवढंच लिहिता येतं का?"

मला ते लागले, कारण तिचे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना एक अर्ज लिहिला. त्यात लिहिले की घंटा वर्षभर जवळजवळ रोज खोटी वाजली. तिचे कारण पहिल्या महिन्यापासून वहीत आहे. ते कारण मी पुढेपुढे न बघताच लिहीत गेलो. आणि ते कचेरीत वरच्या कोणी वाचले नाही. पथकाला निर्धास्त व्हायला आम्ही शिकवले. तेव्हा चौदा मिनिटे एकट्या जमादाराच्या नावावर मांडू नयेत. शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा ठेवले.

विमा कंपनीचा साहेब दिवाळीची वाट न बघता गुरुवारीच मुंबईहून आला. किडकिडीत माणूस, धोतरावर कोट, आणि स्वच्छ मराठी. जमादार आणि मी टेबलापुढे उभे. त्याने वही सुरुवातीपासून चाळली. आगीचे पान वाचले, खोडलेले वाचले. मग पुढचे पान उलटले. असे करत शनिवारच्या पानावर आला.

"आज गुरुवार ना?" त्याने विचारले.

"हो साहेब."

"मग शनिवारी पाण्याचा दाब येणार आहे आणि आग लागणार नाही, हे तुम्हांला आजच ठाऊक आहे?"

पाने क्रमांकाची होती, फाडता येत नव्हती. आणि फाडता येत असती तरी मी फाडली नसती, असे मला वाटते. मी म्हणालो, "मी आठवड्याचं एकदम लिहितो साहेब. लिहीत होतो."

"पंचांग आहे हे," तो मॅनेजरसाहेबांना म्हणाला. जमादार छताकडे बघत होता. त्याच्या गालाचे स्नायू हलत होते ते मला दिसत होते.

साहेबाने माझा अर्ज वाचला, परत ठेवला आणि विचारले, "मग आग कळली कोणाला?"

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितले, मी जमादाराकडे. शेवटी जमादारच म्हणाला, "यांच्या घरातून कळली, साहेब. नळाला पाणी नव्हतं म्हणून."

हे साहेबाला सगळे दोनदा समजावून सांगावे लागले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. मग त्याने कागदावर तीन गोष्टी लिहिल्या आणि त्या आम्हांला वाचून दाखवल्या. घंटेच्या नळाला एक लहान लोखंडी भांडे बसवावे. पाण्याचा धक्का आधी त्यात जिरेल आणि नुसत्या धक्क्याने घंटा वाजणार नाही. हे भांडे वर्षापूर्वी बसवता आले असते, असे तो म्हणाला आणि मॅनेजरसाहेबांकडे बघितले. दुसरे, जमादार सहा महिने आहे तिथे राहील. त्या सहा महिन्यांत न सांगता घंटा वाजवून परीक्षा होईल आणि त्यावर पुढचे ठरेल. आणि तिसरे, नोंद करणाऱ्याने खिडकीतून नोंद करू नये. घंटा झाली की त्यानेही पथकाबरोबर गोदामापाशी जावे आणि तिथे जे दिसेल ते लिहावे.

"पळत?" मी विचारले.

"ते तुम्ही ठरवा. पण तुमच्या मिनिटांचाही रकाना आखा."

खलबत्ता त्याच संध्याकाळी पुन्हा गेला. जमादारीण म्हणाली, मसाला कुटायचा आहे. बायको म्हणाली, घेऊन जा आणि आता आणू नका.

भांडे बसले आणि घंटा गप्प झाली. चाळीतल्या बायकांना ते मुळीच आवडले नाही. पाणी आता न सांगता येई आणि न सांगता जाई. पुष्कळ दिवस त्या माझ्या बायकोला बोल लावत होत्या, की हिने गिरणीत जाऊन आपली घंटा घालवली. नळावर आळीपाळीने बसायचे ठरले. बायकोची पाळी मंगळवारी येई.

पहिली परीक्षा पंधरा दिवसांनी झाली. घंटा झाली तेव्हा मी तक्ता भरत होतो. मी वही काखेत घेतली आणि जिना उतरलो. माझे वय तेव्हा बेचाळीस होते आणि शाळा सोडल्यापासून मी पळालो नव्हतो. धोतराचा सोगा एका हातात, वही दुसऱ्या हातात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कुरकुर न करणारे चाक माझ्या बाजूने पुढे गेले. सहा पितळी टोप पुढे गेले. साळखात्याच्या खिडक्यांतून माणसे बघत होती, आणि त्यांत त्या मुकादमाचा आवाज मला ओळखू आला. मी पोहोचलो तेव्हा होज जोडून झाले होते आणि जमादार गोदामाच्या उघड्या दारात उभा होता.

त्याच्याकडे आता स्वतःचे घड्याळ होते. ते त्याने सकाळी माझ्या घड्याळाशी लावून घेतले होते.

"पथक तीन मिनटं," तो म्हणाला. "तुमी साडेसहा."

मी वही उघडली. कारणाचा रकाना कोरा होता. दौत आणायला मी विसरलो होतो. त्याने एक उलटी बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

"बसा, भाऊ," तो म्हणाला. "आधी दम खा. मग आत येऊन बघा. मग लिवा."